वर्धित वास्तवाचे चष्मे : शक्यता, मर्यादा आणि महाविद्यालयीन वर्ग

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या खरेदी-प्रस्तावांत अलीकडे ‘एआर-व्हीआर प्रयोगशाळा’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळू लागला आहे. संगणक कक्ष, भाषा प्रयोगशाळा, स्मार्ट बोर्ड या क्रमाने आलेल्या साधनांनंतरची ही स्वाभाविक पायरी होय, असे गृहीत धरले जाते. विक्रेत्याने दाखविलेल्या चित्रफितीत खोलीच्या मध्यभागी मानवी हृदय धडधडत असते, विद्यार्थी त्याभोवती फिरून ते न्याहाळत असतात. अशा प्रस्तावावर शिफारस लिहिणाऱ्या प्राध्यापकास त्या काचेच्या आत नेमके काय घडते याची कल्पना असतेच असे नाही, आणि तो त्याचा दोषही नव्हे. प्रस्तुत लेखात ही बाब विज्ञानशाखेबाहेरील वाचकासही समजेल अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या चष्म्यांच्या मुख्य मर्यादा किमतीच्या किंवा बाजारपेठेच्या नाहीत. त्या प्रकाश, डोळा आणि उष्णता यांच्या नियमांतून उद्भवलेल्या आहेत. त्यामुळेच आजवर जे चष्मे प्रत्यक्षात उपयोगी ठरले, त्यांतील बहुतेकांनी ‘वर्धित वास्तव’ या मूळ ध्येयाचा बराचसा भाग सोडून दिलेला दिसतो.

संज्ञा आणि तिचा इतिहास

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणजे आभासी वास्तव. त्यात बाहेरचे जग पूर्णपणे झाकले जाते आणि त्याच्या जागी संगणकनिर्मित जग येते. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणजे वर्धित वास्तव यात बाहेरचे जग दिसतच राहते आणि त्यावर संगणकनिर्मित चित्राची भर पडते. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या आढावा-निबंधात या तंत्राची तीन लक्षणे सांगितली आहेत. खरे व आभासी यांचा त्यात मिलाफ असावा, तो तत्क्षणी प्रतिसाद देणारा असावा, आणि आभासी वस्तू खऱ्या अवकाशात तिन्ही मितींत आपल्या जागी स्थिर असावी. यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत अवघड. टेबलावर ठेवलेला आभासी पेला आपण मान वळविली तरी टेबलावरच राहिला पाहिजे, मानेबरोबर सरकता कामा नये. ही कसोटी लावली असता बाजारात ‘स्मार्ट चष्मा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू वर्धित वास्तवाच्या व्याख्येतच बसत नाहीत. काहींत केवळ कॅमेरा, ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन असतो, पडदा नसतोच. काहींत पडदा असतो, पण त्यावरील मजकूर नजरेच्या कोपऱ्यात चिकटून राहतो. खरेदी-समितीने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच.

कल्पना मात्र जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याच्या त्रिमितीय पडद्याचे वर्णन करणारा निबंध सादर केला. डोक्याची हालचाल मोजणारी त्यांची यांत्रिक दांडी छतापासून लोंबत असे, म्हणून तिला ‘डॅमोक्लीसची तलवार’ असे नाव पडले. पाहणाऱ्यास खोलीच्या पार्श्वभूमीवर रेषांनी काढलेला घन हवेत तरंगताना दिसे. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ ही संज्ञा रूढ झाली ती बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांच्या १९९२ च्या निबंधापासून. त्यांच्यापुढील प्रश्न अगदी कारखानी होता. विमानातील तारांचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर नकाशाप्रमाणे तारा लावून तयार केले जाते, आणि प्रत्येक जुडग्यासाठी वेगळी फळी लागते. कामगाराच्या डोळ्यांसमोरील काचेतच नकाशा उमटला, तर एकच कोरी फळी पुरेल, अशी त्यांची योजना होती. या तंत्राच्या जन्माशी ना खेळ होता ना करमणूक. हात गुंतलेल्या माणसाला कागदाकडे मान वळवावी लागू नये, एवढीच गरज होती. पुढील सर्व विवेचनात ही गरज ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरेल.

काचेच्या आत काय घडते

आजच्या पारदर्शक चष्म्यांत प्रामुख्याने ‘वेव्हगाइड’ नावाची योजना वापरतात. चष्म्याच्या दांडीत एक अतिशय लहान प्रक्षेपक असतो. त्याचा प्रकाश काचेच्या एका भागातून आत सोडला जातो. आत गेलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने, प्रकाशतंतूत जातो तसाच, काचेच्या दोन पृष्ठांवर आपटत पुढे सरकतो. डोळ्यासमोरील भागात काचेवर अतिसूक्ष्म रेषांची जाळी कोरलेली असते. तिच्यावर विवर्तन होऊन प्रकाश थोडाथोडा डोळ्याकडे वळविला जातो. बाहेरच्या जगाचा प्रकाश त्याच काचेतून सरळ आरपार येतो. डोळ्याच्या पडद्यावर दोन्ही प्रकाश एकत्र पडतात आणि भर पडल्याचा भास होतो.

येथे पहिली मर्यादा उद्भवते, आणि लेखकाच्या मते तीच सर्वांत मूलभूत आहे. ही काच प्रकाश वाढवू शकते, वजा करू शकत नाही. काळा रंग म्हणजे प्रकाशाचा अभाव. तेव्हा अशा चष्म्यात ‘काळे’ दाखविणे म्हणजे काहीच न दाखविणे, तो भाग पारदर्शकच राहतो. आभासी वस्तूची सावली टेबलावर पडत नाही. तिच्यामागील खरी वस्तू तिच्यातून दिसत राहते, म्हणून ती भुतासारखी भासते. उघड्या खिडक्यांच्या वर्गात ज्यांनी एलसीडी प्रोजेक्टर चालविला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. भिंतीवर पडलेले ऊन प्रोजेक्टर पुसून टाकू शकत नाही, तसेच हे. दुपारच्या उन्हात पांढऱ्या कागदाची दीप्ती दर चौरस मीटरला सुमारे २५ ते ३० हजार कँडेला असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीने जाहीर केलेल्या पडदायुक्त रे-बॅन चष्म्याची कमाल दीप्ती ५,००० कँडेला सांगितली गेली, आणि या वर्गातील उपकरणांत ती उत्तमच म्हणावी लागेल. तरीही त्याला उन्हात गडद होणाऱ्या काचा बसवाव्या लागल्या. घराबाहेर पडताच पारदर्शक चष्म्याचा गॉगल करावा लागतो, तो या कारणाने. मॅजिक लीप कंपनीच्या २०२२ मधील दुसऱ्या उपकरणात काचेचे ठरावीक भाग मंद करण्याची सोय होती, पण डोळ्याच्या अगदी निकट असलेल्या काचेवरील डाग अंधुकच दिसतो, त्याला वस्तूच्या कडेसारखी धार येत नाही.

दुसरी मर्यादा दृष्टिक्षेत्राची. दोन्ही डोळे मिळून माणसाला आडव्या दिशेने सुमारे २०० अंशांचे जग दिसते. मायक्रोसॉफ्टच्या २०१६ मधील पहिल्या होलोलेन्सचा पडदा कर्णाच्या दिशेने सुमारे ३४ अंश होता, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्याचा ५२ अंश. वर उल्लेखिलेला मेटाचा चष्मा एकाच डोळ्यापुढे २० अंशांचा पडदा दाखवितो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या लहान वहीएवढा. जाहिरातीतील हृदय खोलीभर पसरलेले दिसते. प्रत्यक्षात ते एका चौकटीतून दिसते आणि मान वळविताच कडेला कापले जाते. क्षेत्र वाढवावयाचे तर काचेचा अपवर्तनांक वाढवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये दाखविलेल्या ‘ओरायन’ या नमुन्यात त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडच्या काचा वापरल्या होत्या. क्षेत्र ७० अंशांपर्यंत गेले, वजन ९८ ग्रॅमवर राहिले, परंतु गणनाचे काम एका वेगळ्या डबीकडे सोपवावे लागले आणि तो नमुना विक्रीस आला नाही.

तिसरी मर्यादा डोळ्याची स्वतःची आहे. जवळची वस्तू पाहताना आपण दोन क्रिया एकाच वेळी करतो. दोन्ही डोळे आत वळतात, हे अभिसरण, आणि भिंगाची वक्रता बदलते, हे समायोजन. या दोन क्रिया एकमेकींशी बांधलेल्या असतात. चष्म्यातील चित्राचे नाभीय अंतर मात्र ठरलेले असते. होलोलेन्समध्ये ते सुमारे २ मीटर आहे. आता आभासी स्क्रू हातातील यंत्रावर, ४० सेंटिमीटरवर दाखविला, तर डोळे ४० सेंटिमीटरसाठी आत वळतात आणि भिंगाला मात्र २ मीटरवर नेम धरावा लागतो. काही काळाने डोळे दुखतात, डोके जड होते. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना काचेवर उमटणाऱ्या आकड्यांचा हा त्रास होत नाही, कारण त्यांना पाहावयाचे असते ते सारे दूर असते आणि चित्रही अनंत अंतरावरच ठेवलेले असते. हाताने करावयाच्या कामात, म्हणजे बोइंगच्या मूळ कामातच, ही अडचण सर्वाधिक जाणवावी हा विचित्र योगायोग आहे.

स्थिरतेचा प्रश्न साध्या गणिताने मांडता येतो. माणूस सहज मान वळवितो तेव्हा सेकंदाला १०० अंशांचा वेग काही विशेष नव्हे. डोक्याची नवी स्थिती ओळखून चित्र पुन्हा रेखाटण्यास यंत्राला २० सहस्रांश सेकंद लागले, तर तेवढ्यात डोके २ अंश पुढे गेलेले असते. अर्ध्या मीटरवरील वस्तूवर २ अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरची चूक. मान पुढे कोठे असेल याचा अंदाज बांधून ही चूक बरीच कमी करतात. तथापि अंदाजासाठी कॅमेरे, संवेदक आणि वेगवान गणन लागते. गणनाला वीज लागते आणि विजेची शेवटी उष्णता होते. नाकावर व कानशिलावर टेकलेल्या वस्तूने फार तापून चालत नाही. नेहमीचा चष्मा २५-३० ग्रॅमचा असतो, दुसरा होलोलेन्स ५६६ ग्रॅमचा होता. या दोन आकड्यांमधील दरी म्हणजेच सध्याची तंत्रज्ञानाची अडचण असे म्हणता येईल.

पारदर्शक काचेचा नाद सोडून, कॅमेऱ्याने टिपलेले जग बंद पडद्यावर दाखविणे हा दुसरा मार्ग. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला विक्रीस आलेल्या ॲपल व्हिजन प्रो ने तो पत्करला. त्यात काळा रंग काळाच दिसतो, कारण सारेच चित्र आहे. वजन ६०० ग्रॅमच्या वर, बॅटरी खिशात वेगळी, आणि समोर बसलेल्या माणसास आपले डोळे दिसत नाहीत. त्याला चष्मा म्हणणे कठीण आहे.

जेथे यश आले

या साऱ्या मर्यादा असूनही काही ठिकाणी उपयोग निःसंशय झाला. डीएचएल कंपनीने रिकोच्या नेदरलँड्समधील गोदामात तीन आठवडे दहा कामगारांना असे चष्मे दिले. कोणत्या मांडणीवरून कोणता माल किती उचलावयाचा हे काचेत दिसे. काम २५ टक्क्यांनी अधिक कार्यक्षम झाल्याचे २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केले. बोइंगनेही तारांच्या कामात गुगल ग्लास वापरून वेळेत सुमारे तेवढीच बचत झाल्याचे सांगितले. हे आकडे कंपन्यांचे स्वतःचे आहेत आणि ते तसेच वाचावेत. परंतु अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. ग्लासमध्ये दिसे तो नजरेच्या वरच्या कोपऱ्यातील लहानसा फलक. तो तारांवर आरोपित होत नसे, अवकाशात स्थिर राहण्याची त्याला गरज नव्हती, त्याचे क्षेत्र अरुंद असले तरी बिघडत नव्हते. अझुमांच्या तिसऱ्या लक्षणाला रजा देताच बहुतेक भौतिक अडचणी गळून पडल्या आणि उरला तो मूळ उपयोग : हात मोकळे, मान सरळ.

व्याख्येप्रमाणे खऱ्या अर्थाने वर्धित वास्तव जेथे यशस्वी झाले त्याचे ठळक उदाहरण मणक्याच्या शस्त्रक्रियेचे आहे. ऑगमेडिक्स कंपनीच्या उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. जून २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे ते प्रथम जिवंत रुग्णावर वापरले गेले. सीटी स्कॅनवरून तयार केलेले मणक्याचे चित्र शल्यचिकित्सकास रुग्णाच्या पाठीवर, त्वचेखालील खऱ्या मणक्याच्या जागीच दिसते आणि स्क्रू बसविताना दूरच्या पडद्याकडे पाहावे लागत नाही. येथे परिस्थिती किती अनुकूल आहे ते पाहावे. प्रकाश नियंत्रित आहे, रुग्ण निश्चल आहे, त्याच्या हाडालाच खूणचिन्ह जोडलेले आहे, वस्तूचे मोजमाप आधीच घेतलेले आहे, आणि वापरणारा काही तासांनी चष्मा उतरवून ठेवणार आहे.

याच्या उलट टोकाला अमेरिकी लष्कराचा प्रयोग. होलोलेन्सवर आधारित सैनिकी चष्म्यांसाठी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांचा, कमाल सुमारे २२ अब्ज डॉलरचा करार झाला. प्रत्यक्ष चाचण्यांत सैनिकांनी डोकेदुखी, मळमळ आणि डोळ्यांवरील ताण यांच्या तक्रारी केल्या. २०२५ मध्ये हे काम अँडुरिल या कंपनीकडे सोपविण्यात आले. ऊन, अंधार, धाव, घाम, अनोळखी भूप्रदेश : शस्त्रक्रियागृहात जे जे सोयीचे होते ते ते येथे नव्हते. पैसा मात्र भरपूर होता.

महाविद्यालयाच्या दृष्टीने

अध्यापनातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे होय. होलोलेन्सवर शरीररचनाशास्त्र शिकविण्याचा कार्यक्रम तेथे विकसित झाला. २०२० च्या वसंतात साथीमुळे वर्ग बंद पडले तेव्हा वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाच्या १८५ विद्यार्थ्यांनी घरी बसून त्याचा वापर केला. अवयवांचे परस्परसापेक्ष स्थान समजण्यास अशा चित्राचा उपयोग होतो यात शंका नाही. पुस्तकातील सपाट आकृतीला ते जमत नाही. स्पर्श, ऊतींचा चिवटपणा, माणसामाणसांतील फरक या गोष्टी मात्र त्यात येत नाहीत.

पण ज्या उपकरणावर हे सारे उभे होते त्याचे पुढे काय झाले? गुगलने ग्लासची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबविली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये होलोलेन्स २ चे उत्पादन बंद केल्याचे सांगितले. त्यासाठी सुरक्षाविषयक सुधारणा २०२७ अखेरपर्यंतच मिळणार आहेत. ३,५०० डॉलर किमतीचा नग, एका वर्गासाठी तसे किमान दहा, आणि आयुष्य उत्पादकाच्या मर्जीवर. आपल्याकडील जडसंग्रह नोंदवहीत सूक्ष्मदर्शक तीस वर्षे टिकतो. अनुदानातून घेतलेले उपकरण निर्लेखित करण्यासाठी किती कागद फिरवावे लागतात हे ज्याने अनुभवले आहे, त्यास या तुलनेचे मर्म कळेल. लेखकाचे मत असे की, सामान्य महाविद्यालयाने आज असे चष्मे संख्येने विकत घेऊ नयेत. तेच त्रिमितीय प्रतिकृतीचे काम विद्यार्थ्याजवळील मोबाईलच्या पडद्यावर बऱ्याच अंशी होऊ शकते, आणि तयार केलेला पाठ्यांश उपकरण बदलले तरी बुडत नाही.

चष्मे विकत न घेतले तरी ते वर्गात येणारच आहेत, विद्यार्थ्यांच्या नाकावर बसून. मे २०२५ मध्ये रे-बॅन मेटा चष्मे भारतात २९,९०० रुपयांपासून विक्रीस आले. त्यांत पडदा नाही, कॅमेरा आहे. चित्रण चालू असता चौकटीवर एक लहान दिवा लागतो, पाहणाऱ्यास सूचना म्हणून तेवढीच. गुगल ग्लासच्या काळात, मार्च २०१३ मध्येच, सिॲटलमधील एका उपाहारगृहाने तो घालणाऱ्यांस प्रवेश नाकारला होता. तेव्हाचा चष्मा निदान ओळखू येई. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी रे-बॅन मेटा चष्म्यातील चित्रण चेहरा-शोध संकेतस्थळाशी जोडून दाखविले. रस्त्यावरील अनोळखी व्यक्तीचे नाव व पत्ता त्यातून मिळू शकत होता. धोका दाखविण्यासाठीच त्यांनी ते केले आणि आज्ञावली प्रसिद्ध केली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमधील वासेदा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत एका परीक्षार्थ्याने चष्म्याने प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे घेऊन ती समाजमाध्यमावरून बाहेर पाठविली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ३ नुसार, व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीस तो लागू होत नाही. विद्यार्थ्याने ‘स्वतःच्या अभ्यासासाठी’ प्राध्यापकाचे व शेजारच्या बाकावरील विद्यार्थिनीचे चित्रण केले, तर ते वैयक्तिक कारण म्हणावयाचे काय? हा प्रश्न महाविद्यालयाच्या शिस्त-नियमांवर येऊन पडतो, आणि हे नियम लिहिणारे हात आपलेच असतात.

सरसकट बंदी हा सोपा उपाय वाटेल. तो करण्यापूर्वी एका विद्यार्थ्याचा विचार करावा लागतो, ज्याला ऐकू कमी येते. वर उल्लेखिलेल्या भौतिक मर्यादा त्याच्या गरजेच्या आड जवळजवळ येतच नाहीत. बोललेल्या वाक्याचा मजकूर काचेत दोन ओळींत दिसावा एवढेच त्याला हवे आहे. त्याला रुंद क्षेत्र नको, रंग नकोत, स्थिरतेचे गणित नको, वर्गात ऊनही नाही, आणि कॅमेऱ्याचे तर कामच नाही, मायक्रोफोन पुरतो. कॅमेरा नसलेले, केवळ हिरव्या अक्षरांत मजकूर दाखविणारे, नेहमीच्या चष्म्यासारखे हलके नमुने आज उपलब्ध आहेत. ओठांकडे आणि फळ्याकडे एकाच वेळी पाहण्याची त्या विद्यार्थ्याची जुनी ओढाताण त्यामुळे संपू शकते. खरी अडचण भाषेची आहे. मराठी माध्यमाच्या वर्गातील ‘आता याचं डिफरन्शिएशन घेऊ या’ यांसारखे वाक्य यंत्राने अचूक लिहावयाचे, तर त्याला दोन्ही भाषा एकाच दमात कळल्या पाहिजेत. रे-बॅन मेटा चष्म्यांतील तात्काळ भाषांतराची सोय आरंभी इंग्रजी, फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश या चारच भाषांत आली, यावरून प्राधान्यक्रम कळतो. या कामी भाषा विभाग आणि संगणक विभाग यांनी आपापल्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे, अर्थातच संमतीने, गोळा केली तर तो दहा चष्म्यांपेक्षा मोलाचा प्रकल्प ठरेल असे वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये उच्च शिक्षण संस्थांवर सोयी-सवलतींची जबाबदारी आहे. तेव्हा नियमात कॅमेरा आणि पडदा यांत भेद करावा लागेल, व व्याख्यान आणि परीक्षा यांतही. व्याख्यानात कॅमेरारहित मजकूर-चष्म्यास अनुमती देण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. लेखी परीक्षेत त्याची गरज नाही, तोंडी सूचना छापून देता येतात. अडचण राहते ती तोंडी परीक्षेची. तेथे बाह्य परीक्षकाचा प्रश्न त्या विद्यार्थ्यास काचेतच वाचावा लागेल, आणि त्याच काचेत उत्तर उमटत नाही याची खात्री परीक्षकास आपल्या खुर्चीवरून करता येणार नाही. तोंडी परीक्षेपुरता, केवळ बोलणे लिहून दाखविणारा आणि इंटरनेटशी न जोडलेला चष्मा महाविद्यालयाने स्वतःच्या ताब्यात ठेवून द्यावा, हा एक मार्ग संभवतो. तसा एक नग मात्र ग्रंथालयाच्या किंवा परीक्षा विभागाच्या नावावर अवश्य घ्यावा.